सासूबाई, शंख आणि करंजीचा घाट

माझी गाडी करंजीचा घाट चढत नाही, ही गोष्ट नगरात फार तर चार माणसांना ठाऊक होती. पाथर्डीत मात्र ती सगळ्यांना ठाऊक होती. कारण ज्या दिवशी ती पहिल्यांदा चढली नाही, त्याच दिवशी नेमकी मागून पाथर्डी-नगर एसटी आली आणि तिच्यात माझ्या सासुरवाडीची निदान अकरा माणसं होती. त्यांनी काय पाहिलं? दुसऱ्या वळणावर गाडी वाफ सोडत उभी, मी स्टिअरिंगला लोंबकळलेला, माझी बायको राही मागून ढकलतेय, आणि माझ्या सासूबाई बनुबाई, वय वर्षं पासष्ट, दोन्ही हातांनी धोंडा उचलून मागच्या चाकाखाली लावतायत.

"बनुबाई, या की हिकडं! जागा हाय!" एसटीतून कुणीतरी ओरडलं.

सासूबाई गेल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण उरलेला घाट त्या पायी चढल्या आणि वर पोचल्यावर पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, पुढल्या खेपेला म्या आदीच चालाया लागते. तुमी मागनं या." यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गाडी बारकीशी, विलायती, अठ्ठेचाळीस सालची, रंग एके काळी हिरवा. हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या दरंदले मास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे, ती कशी आली, ते सांगत बसत नाही. आली. सपाटीवर ती उत्तम चालायची, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. नगर जिल्ह्याला घाट आहेत यात तिचा काय दोष?

हे झालं सत्तर साली. एकाहत्तरच्या संक्रांतीला राही माहेरी जाऊन आली ती गप्प गप्पच. मला वाढता वाढता एकदम म्हणाली, "आईनं मला आवाजावरून ओळखलं हो. समोर दारात उभी होते, तर मला विचारते, कोन गं तू?" आणि आमटीची पळी तशीच हातात धरून रडायला लागली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. पाथर्डीला आलेल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की दिवाळीनंतर, थंडीत, नगरला आणा, एकेक डोळा करून टाकू. त्याहून लांबवलं तर डोळे हातचे जातील. आता यात अडचण कुठली? पण सासूबाईंचा निरोप आला. तो माझा मेहुणा कानिफनाथ घेऊन आला. घोडेगावच्या बाजाराला बैल बघायला निघालेला माणूस वाट वाकडी करून नगरला आला आणि उभ्याउभ्याच त्यानं निरोप शब्दाला शब्द म्हणून दाखवला.

"आई म्हनती, येते की! म्या कुटं न्हाई म्हनलं? पन एसटीनं न्हाई, धक्क्यानं डोळा हालतो. जीपनं न्हाई, जीपमधी लई मानसं कोंबत्यात. जावयाच्या गाडीतनं येईन. आन घाटात खाली पाय टेकनार न्हाई. उतरावं लागलं, तर तितनंच माघारी फिरन."

मग त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "दाजी, घोडेगावला असलं जनावर आलं असतं, तर आमी त्याचं दातसुदीक बघितलं नसतं."

मला राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला. माझ्या गाडीमुळे एका बाईचे डोळे जाणार? मी राहीला म्हटलं, "तुझी आई घाटात खाली उतरणार नाही. शब्द दिला." राही म्हणाली, "शब्द देऊ नका, गाडी बदला." पण मास्तराच्या पगारात गाडी बदलत नसते. फार तर शब्द बदलता येतो, आणि तो मी बदलणार नव्हतो.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. इंजिन म्हणजे शेवटी काय? हवा आत, धूर बाहेर. माझं इंजिन म्हातारं, त्याची छाती भरत नव्हती. आता बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरानं एक पंखा फिरवला आणि त्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबली, तर तेच इंजिन दीडपट ओढेल. याला टर्बोचार्जर म्हणतात. मी हे दहावी ब ला फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितलं होतं. आकृतीत काही बिघडत नाही.

नागापूरच्या नव्या वसाहतीत मोहियोद्दीन मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. विहिरी फोडायच्या कॉम्प्रेसरची डिझेल इंजिनं ते दुरुस्त करत. लष्कराच्या भंगाराच्या लिलावात त्यांना एक परदेशी यंत्र मिळालं होतं आणि त्याला हा टर्बोचार्जर होता. शहाळ्याएवढा, वळसे घेतलेला, बिडाचा. मिस्त्री त्याला शंख म्हणत.

"मास्तरसाब," मिस्त्री म्हणाले, "बसवायला आठ दिवस. पण बसवणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. टिकवायला किती, ते अल्लालाच ठाऊक." टिकवायला आठ महिने लागले.

शेजारी आप्पासाहेब. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. माझ्या अंगणात बॉनेट उघडलं की ते धोतराचा सोगा सावरत कुंपणाशी हजर. शंख पाहून त्यांनी बराच वेळ मान हलवली. "मास्तर, गाडी जोरात पळावी म्हणून तिला गोगलगाय बांधणारे तुम्ही पहिलेच." हे वाक्य त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. त्यानंतर भाजी आणायला गेलो, तरी लोक विचारायचे, "काय मास्तर, गोगलगाय काय म्हणते?" माझी चौदा वर्षांची नोकरी, दोन प्रमाणपत्रं, आणि मी गोगलगायवाला झालो!

पहिल्या चाचणीत इंजिनाच्या पोटात कुणी हातोड्या मारतंय असा ठोका यायला लागला. मिस्त्री म्हणाले, दाब जास्त होतोय. त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवून खाली तांब्याचं जाड पॅकिंग घातलं. ठोका थांबला. दुसऱ्या चाचणीत शंखाला तेल पुरवणारी नळी सुटली आणि समोरच्या छबूबाईंनी पाडव्याला काढलेल्या रांगोळीवर काळं तेल पसरलं. छबूबाई मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी राहीशी पंधरा दिवस अबोला धरला आणि राहीनं माझ्याशी. तिसऱ्या चाचणीत शाळेच्या फाटकासमोर हवेचा पाइप 'फाट' करून उडाला. मुलांना वाटलं, सुट्टीचा बार झाला. निम्मी शाळा घरी निघून गेली. हेडमास्तरांनी मला लेखी खुलासा मागितला. 'हवेचा दाब अपेक्षेपेक्षा अधिक वाढल्यामुळे' असा मी तो दिला, आणि तो अजून माझ्या सेवापुस्तकात आहे.

"साब, जास्तीची हवा सोडायला झडप पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "ठरलेल्या दाबाला आपोआप उचलणारी. कुठं मिळंल?"

मी घरी आलो तेव्हा राहीचा कुकर शिट्टी देत होता. मी जागच्या जागी उभा राहिलो. ठरलेल्या दाबाला आपोआप उचलणारी! त्या काळी आमच्या गल्लीत तीनच कुकर होते आणि त्यांतला एक आमचा, ही राहीची एकमेव चैन. ती शिट्टी मागायला मी तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी तिनं ती स्वतःच काढून माझ्या हातावर ठेवली. "आईसाठी देतेय," म्हणाली. "तुमच्या गोगलगाईसाठी नाही."

कुकरचा दाब माझ्या इंजिनाला दुप्पट होता, म्हणून मिस्त्रींनी ते वजन कानशीनं घासून निम्मं केलं. पाइपवर उभी नळी, नळीवर शिट्टी. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की बॉनेटखाली भात शिजल्यासारखा आवाज यायचा. पण पाइप पुन्हा उडाला नाही. मग आम्ही घाटात चाचणी घ्यायला निघालो. सासूबाई, राही आणि कानिफनाथ यांच्या जागी ज्वारीची तीन पोती. पोतं पुढच्या सीटवर नीट बसावं म्हणून मिस्त्रींनी त्याला दोरी बांधली. घाटात गाडी तिसऱ्या वळणापर्यंत गेली आणि पाणी उकळलं. पुढल्या खेपेला पाचव्यापर्यंत गेली आणि क्लच घसरला. प्रत्येक वेळी कुणीतरी पाथर्डीकर बघतच असायचा. तिकडे बातमी पोचली की जावई ज्वारीला घाट दाखवून आणतो.

मोठा रेडिएटर आला, क्लचची नवी तबकडी आली. दसऱ्याच्या आधल्या दिवशी ज्वारीची तिन्ही पोती न उकळता, न थांबता घाटमाथ्यावर पोचली. मिस्त्रींनी आणि मी एकमेकांना मिठी मारली.

"आता ऐका," ते म्हणाले. "ही गोष्ट विसरला तर सगळं पाण्यात. चढ चढून आल्यावर शंख आतून लाल असतो. इंजिन लगेच बंद करायचं नाही. बंद केलं की तेल थांबतं आणि शंख जागेवर जाम. एक विडी ओढून होईपर्यंत चालू ठेवायचं."

"मी विडी ओढत नाही."

"मग तुमचं ते पाढे म्हणा. एकोणतिसाचा, दोनदा." जाम झालाच, तर शंख सोडून हवेचा पाइप कसा जोडायचा, तेही त्यांनी दाखवलं आणि पाना माझ्या हवाली केला.

राहिली कायदेशीर बाजू. आप्पासाहेबांनी कुंपणावरून बजावलं होतं की गाडीत फेरफार केला तर तो कागदावर चढवावा लागतो. म्हणून मी वाहनांच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी शंखावरचा नंबर पाहिला, इंजिनावरचा नंबर पाहिला आणि चष्मा काढला. "एका गाडीला दोन इंजिनं?" मी सांगितलं की हे इंजिन नव्हे. "मग नंबर कशाला?" मी फळ्यावरची आकृती कागदावर काढली. त्यांनी ती आवकमध्ये नोंदवून घेतली. चार खेपांनंतर त्यांनाच माझी दया आली. "मास्तर, माझी मुलगी तुमच्या शाळेत आहे. खरं सांगा, हे करतं काय?" म्हटलं, वारा घालतं. त्यांचा चेहरा उजळला. इतर उपकरणांच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पंखा, एक.' खाली शिक्का मारला. आठ महिन्यांच्या संशोधनाची सरकारदरबारी एवढीच नोंद आहे.

दिवाळी झाली. मी आणि राही गाडी घेऊन सासूबाईंना आणायला गेलो. त्या ओसरीवर बसलेल्या होत्या. पिशवी भरलेली नव्हती.

"आलात व्हय?" त्या गाडीच्या आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाल्या. "घाट चढंल का पन?"

"चढेल मामी. नाही चढली तर परत आणून सोडतो."

"बघा बरं," त्या म्हणाल्या, आणि मग कुठे राहीनं पिशवी भरायला घेतली. त्यांना पुढे बसवलं. मागे राही आणि कानिफनाथ. अख्खा वाडा बघायला जमला होता. पैज लागली होती की काय, कोण जाणे.

करंजी गाव मागं पडलं, घाट लागला. पहिलं वळण गेलं. जिथं धोंडा लावला होता ते दुसरं वळण आलं, मी ॲक्सिलरेटर दाबला, बॉनेटखाली शंख गायला लागला आणि गाडी चक्क पुढे निघाली! शिट्टी झाली. दुसरी झाली.

"राहे, काय शिजतंय गं?" सासूबाईंनी दचकून विचारलं.

"काही नाही आई. गाडीच आहे ती."

तिसरं, पाचवं, सातवं वळण. मी गाणं म्हणायच्या बेतात होतो. सासूबाईंनी मात्र दाराची कडी घट्ट धरली होती आणि दर वळणाला विचारत होत्या, "थांबली का? आता थांबंल न्हवं?" मी अभिमानानं सांगत होतो, "नाही मामी, आता कशाची थांबते!" मला वाटत होतं, त्यांना कौतुक वाटतंय.

घाटमाथ्यावर म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला एवढासा दगड, वर पत्रा. तिथं प्रत्येक ड्रायव्हर थांबतो, ट्रकवाला असो की एसटीवाला. गाडी बंद करायची, हात जोडायचे, मग पुढे. मीही थांबलो. इंजिन चालू ठेवलं आणि मनात म्हणायला लागलो, एकोणतीस एके एकोणतीस.

"इंजान बंद करा," सासूबाई म्हणाल्या.

"मामी, दोन मिनिटं. याला जरा..."

"देवाच्या तोंडावर घरघर करत बसायचं? बंद करा!"

"दाजी, बंद करा, लई कडक द्येव हाय," मागून कानिफनाथ. मी राहीकडे पाहिलं. तिनंही मान हलवली. मी एकोणतीस चोकपर्यंत आलो होतो. चावी फिरवली. बॉनेटखाली चिंऽऽ असा बारीक आवाज आला आणि एकदम तुटला. मला कळलं. आठ महिने, तीन पोती ज्वारी, राहीची शिट्टी, सगळं त्या एका आवाजात गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज नाही.

राहीनं सासूबाईंना हात धरून देवासमोर नेलं. त्या हात जोडून देवाशी मोठ्यानं बोलायला लागल्या. त्यांच्या पिढीच्या बायका देवाशी मनातल्या मनात बोलत नाहीत.

"म्हसोबा, तुला काय सांगितलं हुतं म्या? गाडी चढू देऊ नगं म्हनलं हुतं न्हवं? पाच नारळ बोलले हुते. वर्षभर बोलतीया. माघारी जाते म्हनलं हुतं. तू बी जावयाकडनं झालास व्हय रे?"

राही म्हणाली, "आई! म्हणजे तुला यायचंच नव्हतं?"

"भ्या वाटतंय गं," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्याला सुरी लावत्यात. शेजारच्या साळूबाईचा डोळा तसाच गेला की कायमचा. म्या म्हनलं, ही गाडी काय जल्मात घाट चढत न्हाई. तेवडीच सबब. ह्या बाबानं चढवली की वं!"

क्षणभर माझं टाळकं सणकलं. आठ महिने मी गोगलगायवाला झालो ते हिच्या सबबीपायी? पण म्हातारीकडे पाहिलं आणि राग कुठल्या कुठे गेला. जिनं एसटीतल्या अकरा माणसांदेखत माझ्या गाडीला धोंडा लावला होता, ती बाई भ्यालेल्या पोरीसारखी उभी होती. राही मला म्हणाली, साळूबाईनं तिसऱ्याच दिवशी स्वतःच्या हातानं पट्टी सोडली होती, व्यालेली गाय बघायला.

"मामी," मी म्हटलं, "मी रोज तिथं येऊन बसतो. पट्टीला हात लावू देणार नाही. कुणालाच."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "गाय याली तरी?"

"गाय व्याली तरी."

मी पाना काढला, शंख सोडून पाइप जोडला. घाटमाथ्यापासून नगरपर्यंत आमची वरात अशी निघाली की दुधाचे कॅन लावलेला सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. पण पोचलो. मी दहा दिवस रजा टाकून दवाखान्यात कॉटशेजारी बसलो आणि सासूबाईंचा हात पट्टीकडे गेला की धरला. मला भेटायला आप्पासाहेब आले होते. त्यांनी गोगलगाईचा विषय काढला नाही.

पट्टी सुटली आणि जाड भिंगाचा चष्मा लागला त्या दिवशी सासूबाईंनी आधी राहीकडे पाहिलं. खूप वेळ. तिच्या कपाळावरची बट मागं सारून म्हणाल्या, "केस पांडरं झालं गं तुझं. मला कुनी सांगितलं न्हाई." दोघी गळ्यात पडून रडल्या. डॉक्टर ओरडले, डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून. मग त्यांना बाहेर गाडीपाशी आणलं. त्यांनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली.

"येवडीशीच?" त्या म्हणाल्या. "आवाज तर लई मोटा हुता."

शंख मिस्त्रींना परत दिला. त्यांनी तो दुकानात फळीवर ठेवला आहे आणि गिऱ्हाइकांना अजून सांगतात, पाढे पुरे म्हणत जा. घासलेली शिट्टी कुकरवर परत बसली. आमच्याकडे तेव्हापासून भाताला दुप्पट वेळ लागतो, आणि राहीनं नवी शिट्टी आणू दिलेली नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख माघात होती. मी कानिफनाथकडे निरोप पाठवला की शंख आता नाही, एसटीनं या. उलट निरोप आला, 'जावयाच्या गाडीतनं येनार.' मी कपाळाला हात लावला. गेलो. या खेपेला सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर तयार होत्या.

घाटाच्या पायथ्याशी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "थांबा."

"मामी, अजून चढ लागला नाही. प्रयत्न करून बघू."

"थांबा म्हनते न्हवं?"

त्या उतरल्या. पदर खोचला आणि चालायला लागल्या. थांबत होत्या, खाली दरीत बघत होत्या, पळसाची झाडं हात लावून बघत होत्या. एका डोळ्यानं. मी रिकाम्या सीटशेजारी, पहिल्या गिअरमध्ये, धापा टाकणाऱ्या गाडीतून त्यांच्या मागून चाललो होतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या वळणावर मागून पाथर्डी-नगर एसटी आली. ती हळू झाली. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली, ओळखीची, सासुरवाडीची. मी मान खाली घातली.

"का वं बनुबाई," कुणीतरी हसत ओरडलं, "पुन्हा उतरवलं व्हय जावयानं?"

सासूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. एसटीला थांबावंच लागलं. कमरेवर हात ठेवून त्या घाटभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गाडीला काय झाल्यालं न्हाई! म्याच उतरलीया! बघायला!"